शांततेला लागणारी जागा : रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील सायलेन्सरचा इतिहास

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इंजिन दोनदा आले, आणि दोन्ही खेपांना त्याचा आवाज निराळा होता. पहिल्या खेपेस, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, ते आगबोटीच्या पोटात बसून आले. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरे घेत मुंबई आणि गोवे यांच्या दरम्यान धावणाऱ्या या बोटींवरच पुढे कित्येक पिढ्यांचे चाकरमानी मुंबईस गेले आणि शिमग्या-गणपतीला परत आले. दुसऱ्या खेपेस, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत, ते मच्छीमारांच्या मचव्यांत बसले. आगबोटीचे इंजिन घराएवढे होते आणि तरीही बंदरावर उभ्या असलेल्या माणसाला ते जवळजवळ ऐकू येत नसे. मचव्यातले इंजिन लाकडी पेटाऱ्याएवढे होते आणि ते खाडीच्या दोन्ही काठांना जागे करी. या विसंगतीचे कारण इंजिनाच्या आकारात नसून, काम करून झालेला वायू इंजिन कोठे आणि कसा टाकते, यात आहे.

वाफेच्या आगबोटीत वापरून झालेली वाफ हवेत सोडली जात नसे. समुद्रात गोडे पाणी दुर्मीळ असल्यामुळे ती वाफ संघनकात, म्हणजे समुद्राच्या पाण्याने थंड ठेवलेल्या नळ्यांच्या पेटीत, नेऊन तिचे पुन्हा पाणी केले जाई आणि ते पाणी बाष्पकात परत सोडले जाई. धुराड्यातून बाहेर पडे तो केवळ कोळशाचा धूर, आणि तोही संथपणे. आगगाडीचे वाफेचे इंजिन वापरलेली वाफ धुराड्यातूनच झटक्याझटक्याने बाहेर फेकी, म्हणून ते 'भकभक' करी. आगबोटीला तसा आवाजच नव्हता, म्हणून तिला आपण आल्याचे सांगण्यासाठी भोंगा द्यावा लागे. मराठीने तिला नाव दिले तेही तिच्या पोटातल्या आगीवरून, आवाजावरून नव्हे. याउलट पेट्रोलच्या इंजिनाची दुचाकी आली तेव्हा त्याच मराठीने तिला 'फटफटी' म्हटले. जपानी किनाऱ्यावरही जुन्या तेल-इंजिनांच्या मासेमारी होड्यांना त्यांच्या ठोक्यांवरून 'पोनपोन' होड्या असेच नाव पडले होते. अंतर्ज्वलन इंजिन, म्हणजे ज्यात इंधन सिलिंडरच्या आतच जळते ते इंजिन, लोकांच्या कानावर पहिल्यांदा कसे पडले, याची नोंद अशा नावांइतकी चोख दुसरीकडे क्वचितच सापडते.

अंतर्ज्वलन इंजिन गोंगाट करते त्याचे कारण साधे आहे. सिलिंडरमध्ये जळालेला वायू दट्ट्याला ढकलून आपले काम बहुतांशी संपवतो, परंतु बाहेर सोडणारी झडप उघडते त्या क्षणी त्याचा दाब अजून वातावरणाच्या कित्येक पट असतो आणि तापमान काही शे अंशांचे असते. हा दाब काही हजारांश सेकंदांत मोकळा होतो. फुगवलेली कागदी पिशवी फुटावी तसा तो एक छोटा स्फोटच असतो. त्यातून निघालेली दाबाची लाट धुराच्या नळातून ध्वनीच्या वेगाने पुढे जाते आणि नळाच्या तोंडाशी हवेवर आदळते. वायू स्वतः मागाहून, त्यापेक्षा पुष्कळ सावकाश येतो. लाट आणि वायू या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात घेतल्याशिवाय सायलेन्सर समजत नाही, कारण सायलेन्सरचे सगळे कसब वायूला जाऊ देण्यात आणि लाटेला अडवण्यात आहे.

निकोलाउस ओटो याचे फोर-स्ट्रोक इंजिन १८७६ मध्ये चालू झाले. अशा इंजिनांची जात शहरांतील छापखान्यांत आणि छोट्या कारखान्यांत शिरताच शेजाऱ्यांसाठी काहीतरी करणे भाग पडले, आणि धुराच्या नळाच्या वाटेत ओतीव लोखंडाचे एक पोकळ भांडे बसवण्याची रीत पडली. स्थिर इंजिनांसाठी काही ठिकाणी जमिनीत विटांचा बंद हौद बांधून, त्यात दगड भरून, धूर त्यातून फिरवून बाहेर काढीत. अमेरिकेत इंडियाना राज्यातील मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या भावांनी १८९७ मध्ये इंजिनाच्या सायलेन्सरचे पेटंट मिळवले. त्याच वर्षी जर्मनीत आउग्सबुर्ग येथे रुडॉल्फ डिझेलचे इंजिन प्रथम समाधानकारक चालले. हायरम पर्सी मॅक्सिम याने १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले आणि त्याच्या कंपनीने पुढे तेच तत्त्व इंजिनांना लावले. या उपकरणाला अमेरिकेने 'मफलर' म्हटले आणि ब्रिटनने 'सायलेन्सर'. मराठीने ब्रिटिश शब्द उचलला. मफलर आपल्याकडे गळ्याभोवतीच राहिला.

कोकणाच्या अंतर्भागात डिझेल इंजिनाची ओळख मचव्यापेक्षा गिरणीने अधिक करून दिली. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने दुसऱ्या महायुद्धापूर्वीच डिझेल इंजिने बनवायला घेतली होती, आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाल्यावर गिरणीच्या इंजिनाला घाटाखालीही मोठा बाजार मिळाला. संथ फिरणाऱ्या एकसिलिंडरी इंजिनावर चालणाऱ्या भाताच्या आणि पिठाच्या गिरण्यांची पुकपुक वाडीवाडीला ऐकू जाई, आणि ती ऐकू जाणे मालकाच्या सोयीचेच होते. आवाज आला की गिरणी चालू आहे हे समजून बायका पायल्या भरून घेऊन निघत. येथे सायलेन्सर चांगला असण्याची कोणालाच निकड नव्हती. गिरणीचा आवाज पुढे नाहीसा झाला तो कोणत्याही ध्वनिशास्त्रामुळे नव्हे, विजेमुळे. कोयना प्रकल्पाची वीज १९६२ पासून तयार होऊ लागली, ती चिपळूण तालुक्यातल्या पोफळीच्या वीजगृहात. आणि पुढील काळात गावोगाव तारा पोचत गेल्या तसतशी विजेच्या मोटारीने तेल-इंजिनाची जागा घेतली. मचव्याला मात्र तार जोडता येत नाही. त्यामुळे सायलेन्सरच्या रिकाम्या डब्याचे शास्त्र या जिल्ह्यात ज्याला खऱ्या अर्थाने लागू पडते, असा मोठा व्यवसाय मासेमारीचाच उरतो.

हा रिकामा डबा, ज्याला येथे प्रसरणकोठी म्हटले आहे, म्हणजे धुराच्या नळाच्या वाटेत एकाएकी रुंद होणारी आणि पुढे तितकीच एकाएकी अरुंद होणारी बंद पोकळी होय. तिच्यात काहीही भरलेले नसते. ना लोकर, ना जाळी. तरीही ती आवाज घटवते, आणि ते कसे हे मिरकरवाड्याच्या बंदरासारख्या जागी उभे राहिल्यास अर्धे तरी कळते. लाटरोधक बांध घालून बंदराचे तोंड अरुंद ठेवलेले असते आणि आत पाण्याला पसरायला ऐसपैस जागा असते. बाहेरची लाट त्या तोंडातून आत शिरली की चहूकडे फाकते आणि तिची उंची उतरते. नळातून येणारी दाबाची लाटही कोठीच्या तोंडाशी अशीच फाकते. परंतु उपमा येथे थांबते, कारण ध्वनीच्या बाबतीत त्याहून महत्त्वाची गोष्ट घडते ती परावर्तनाची. नळाची रुंदी जेथे अचानक बदलते तेथे लाटेचा काही भाग पुढे न जाता उलट्या पावली इंजिनाकडे फिरतो. कोठीत शिरताना एकदा आणि कोठीतून बाहेर पडताना पुन्हा एकदा असे घडते, आणि आत सापडलेली लाट दोन्ही टोकांच्या भिंतींवर आपटत राहते. कोठी आवाज गिळत नाही. ती तो परत पाठवते. सायलेन्सर म्हणजे आवाज शोषणारा बोळा, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, ती प्रसरणकोठीपुरती चुकीची आहे.

या परावर्तनाचा हिशोब दोनच गोष्टींवर चालतो. पहिली, कोठीचे आडवे क्षेत्रफळ नळाच्या किती पट आहे. दुसरी, कोठीची लांबी त्या आवाजाच्या तरंगलांबीच्या, म्हणजे एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या लाटेच्या माथ्यापर्यंतच्या अंतराच्या, कितव्या हिश्श्याची आहे. कोठीचा व्यास नळाच्या तिप्पट ठेवला तर क्षेत्रफळ नऊपट होते, आणि त्या कोठीतून सर्वांत अनुकूल स्थितीत सुमारे १३ डेसिबलची घट मिळते. डेसिबल हे माप पटीत मोजायचे असते. १० डेसिबल घटले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दशांशावर आली, आणि १३ डेसिबल म्हणजे जवळजवळ विसांशावर. व्यास दुप्पटच ठेवला तर ही घट साडेसहा डेसिबलांवर येते, चौपट केला तर १८ च्या आसपास जाते. अनुकूल स्थिती याचा अर्थ असा की कोठीची लांबी तरंगलांबीच्या बरोबर एक चतुर्थांश असली पाहिजे, कारण तेव्हा आत जाऊन परत आलेली लाट मागून येणाऱ्या लाटेला नेमकी उलटी पडते. लांबी तरंगलांबीच्या निम्मी झाली की सगळा खेळ फिसकटतो आणि तो सूर कोठी मुकाट्याने पुढे जाऊ देते, जणू ती वाटेत नाहीच. ही भोके बुजवण्यासाठी निरनिराळ्या लांबीच्या दोन कोठ्या एकामागोमाग जोडतात, किंवा आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या नळांची टोके कोठीच्या आत काही अंतर घुसवून ठेवतात. एक नळ लांबीच्या निम्म्यापर्यंत आणि दुसरा पाव हिश्श्यापर्यंत घुसवण्याची जुनी रीत त्यासाठीच आहे.

हे सारे गणित कागदावर नीट मांडले गेले ते फार उशिरा. नळांतील ध्वनिगाळण्यांचा सिद्धान्त १९२० च्या दशकात आला, तर नॅका या अमेरिकेतील विमानविद्येच्या सरकारी संस्थेने हेलिकॉप्टरच्या इंजिनाचा आवाज कमी करण्याच्या निमित्ताने अनेक प्रकारच्या कोठ्या मोजून पाहिल्या आणि १९५४ मध्ये तो अहवाल प्रसिद्ध केला. सायलेन्सर बनवणाऱ्यांच्या हाती पडलेले ते पहिले भक्कम कोष्टक म्हणता येईल. भारतात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एम. एल. मुंजाल यांनी या विषयाला वाहून घेतले आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा इंग्रजी ग्रंथ जगभर या विषयाचा आधारग्रंथ मानला गेला. म्हणजे रत्नागिरीचे मचवे इंजिनावर चढत होते तो काळ आणि प्रसरणकोठीचे शास्त्र प्रौढ होत होते तो काळ साधारण एकच होता. दोघांची गाठ मात्र बेतानेच पडली.

मासेमारीच्या यांत्रिकीकरणाला पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, म्हणजे १९५१ ते १९५६ या वर्षांत, हात घातला गेला. केरळात कोल्लमजवळ १९५३ पासून चाललेला भारत-नॉर्वे प्रकल्प त्याचा सर्वांत गाजलेला नमुना. मुंबई राज्याच्या आणि नंतर महाराष्ट्राच्या मत्स्यखात्याने कर्ज आणि अनुदान देऊन आधी जुन्याच शिडाच्या होड्यांत इंजिने बसवण्याचे धोरण ठेवले. रत्नागिरीत १९५८ मध्ये सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र सुरू झाले आणि १९८१ मध्ये शिरगावला मत्स्य महाविद्यालय निघाले. त्या दरम्यान दालदी, खारवी, गाबीत अशा समाजांतील नौकामालकांनी शीड उतरवून ठेवले आणि ट्रॉलरचे जाळे पाण्यात टाकले.

शिडाची होडी इंजिनासाठी बांधलेली नसते, ही या इतिहासातील कळीची बाब आहे. मचव्याच्या पोटातला प्रत्येक हात जागा पूर्वी मालासाठी, पाण्याच्या पिंपांसाठी आणि जाळ्यांसाठी वाटून दिलेली असे. इंजिन मागच्या बाजूस बसले, त्याच्यावर केबिन उभी राहिली, बाजूंना डिझेलच्या टाक्या आल्या, मध्ये मासळीचे आणि बर्फाचे खण आले. कोळंबीच्या निर्यातीने भाव चढल्यावर तर बर्फाच्या खणांनी होडीचे उरलेसुरले पोट व्यापले. सायलेन्सरला या वाटणीत हिस्सा नव्हता. सहा सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला १,८०० फेरे घेत असेल तर त्यात सेकंदाला ९० स्फोट होतात. चारशे अंश तापलेल्या धुरात ध्वनी सेकंदाला सुमारे ५२० मीटर जातो, हवेतल्या वेगाच्या जवळजवळ दीडपट. त्यामुळे या ९० कंपनांच्या सुराची तरंगलांबी पावणेसहा मीटरांच्या घरात जाते आणि तिच्या चतुर्थांशाची कोठी जवळजवळ दीड मीटर लांब हवी. चार इंची नळाला तिप्पट व्यासाची, म्हणजे बारा इंची कोठी धरली तर तिचे पोट सुमारे १०५ लिटरांचे, डिझेलच्या दोनशे लिटरी पिंपाच्या निम्मे होते. ही जागा थंड असती तर तिच्यात काही ठेवता आले असते; ती तर धगधगती असते आणि भोवतालच्या लाकडाला हातभर दूर ठेवते. मासळीच्या खणातली तेवढी जागा गमावण्यास नौकामालक नाखूष असला तर त्याला अडाणी म्हणण्याचे कारण नाही. त्याने केलेला हिशोब बरोबरच होता. त्या हिशोबात कानांचा रकाना नव्हता, इतकेच.

एकसिलिंडरी छोट्या होडीचे गणित तर आणखी अवघड. मिनिटाला १,५०० फेरे घेणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एक स्फोट होतो, म्हणजे सेकंदाला साडेबारा. या ठोक्याला चतुर्थांश तरंगलांबीची कोठी द्यायची तर ती दहा मीटरांहून लांब करावी लागेल, आणि इतकी लांब ती होडीच नसते. हातभर लांबीची नेहमीची कोठी या मूळ ठोक्याला अर्धा डेसिबलही धड कमी करत नाही. ती कमी करते ते ठोक्याच्या अंगावरचे वरचे, कर्कश सूर. म्हणून अशा होडीला सायलेन्सर लावला की 'फट' या आवाजाचा 'धप' होतो, पण ठोके मोजता येतातच. सेकंदाला वीसाहून कमी कंपने मानवी कान सूर म्हणून जोडून घेत नाही, सुटी सुटीच ऐकतो. भाट्याच्या खाडीवर पहाटे वारा पडलेला असताना हे ठोके फार दुरून येतात, कारण पाण्यालगतची हवा थंड आणि वरची किंचित उबदार असली की वर निघालेला आवाज वाकून पुन्हा पाण्याकडे उतरतो. किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्याला होडी दिसण्याच्या आधी ऐकू येते ती अशी.

मचव्यावरील सायलेन्सर जवळून पाहिला तर त्याच्या रूपावर या साऱ्या तडजोडींच्या खुणा दिसतात. इंजिनातून निघालेला नळ केबिनच्या मागून किंवा तिच्यातूनच उभा वर जातो आणि छपराच्या वर गेल्यावर कोठे तरी त्याला पत्र्याचा लांबट डबा जोडलेला असतो; खाली जागा नाही म्हणून शांततेची सोय आभाळात केलेली. लाकडी छपरातून नळ जेथे बाहेर पडतो तेथे पत्र्याचा गळपट्टा घालून मध्ये हवेची फट ठेवतात, आणि माणसांच्या हाताला लागेल एवढ्या उंचीपर्यंत नळावर अॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळून वर पत्रा किंवा तार आवळतात. या दोरीने हात भाजत नाहीत, पण तिचे तंतू फुप्फुसाला घातक असतात हे आता सर्वमान्य झाले आहे. वरच्या तोंडावर एक हलकी झडप बसवली असेल तर ती धुराच्या प्रत्येक ठोक्याबरोबर उघडमीट करते आणि सायलेन्सरने घालवलेल्या आवाजात स्वतःच्या खडखडाटाची भर टाकते.

याला पर्याय होता, आणि तो समुद्रातच होता. धुराच्या नळात थंड पाण्याची धार सोडली की वायू आकसतो, त्याचा दाब मावळतो आणि ध्वनीचा वेगही उतरतो. चारशे अंशांवरून धूर पन्नास अंशांवर आणला तर ५२० मीटरांचा वेग ३६० वर येतो आणि दीड मीटरांची कोठी एका मीटरात भागते. सहलीच्या नौकांवर ही ओली रीत सर्रास दिसते. मासेमारी होडीने ती सहसा पत्करली नाही, कारण खारे पाणी आणि डिझेलच्या धुरातील गंधकाचे आम्ल एकत्र आले की पत्रा पाहता पाहता कुजतो, आणि नळाची चढण नीट नसली तर उलटलेली लाट तेच पाणी थेट सिलिंडरपर्यंत नेऊन पोचवते. बाहेरून लटकवायच्या मोटारींनी, ज्या फायबरच्या लहान होड्यांच्या मागे आता सर्वत्र दिसतात, हा प्रश्न निराळ्या मार्गाने सोडवला; त्या आपला धूर पंख्याच्या मध्यातून पाण्याखालीच सोडतात, आणि आख्खा समुद्र त्यांची प्रसरणकोठी होतो.

जमिनीवर मात्र याच शब्दाने मोठा गोंधळ घातला आहे. टू-स्ट्रोक इंजिनाच्या, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होणाऱ्या इंजिनाच्या, शौकिनांमध्ये प्रसरणकोठी याचा अर्थ आवाज घटवणारा डबा असा नसून शक्ती वाढवणारी फुगीर नळी असा होतो. पूर्व जर्मनीतील एमझेड या मोटारसायकल कारखान्यात वॉल्टर काडेन याने १९५० च्या दशकात ती नळी परिपूर्ण केली. सावकाश रुंद होत जाणारा तिचा पहिला शंकू सिलिंडरमधला धूर ओढून काढतो आणि पुढचा निमुळता शंकू परतीची लाट अशा बेताने पाठवतो, की सिलिंडरमधून निसटू पाहणारे ताजे मिश्रण धुराचे छिद्र मिटण्याच्या क्षणी पुन्हा आत ढकलले जावे. तत्त्व तेच, परावर्तनाचे. हेतू मात्र वेगळा. काडेनचा स्वार अर्न्स्ट डेगनर १९६१ मध्ये पळून जाऊन सुझुकीला मिळाला आणि ही विद्या जपानला पोचली. यामाहाच्या आरएक्स १०० या १९८५ मध्ये भारतात आलेल्या गाडीने कोकणातल्या रस्त्यांवरही तिचा सूर ऐकवला. तिच्या सायलेन्सरमधील आतली जाळीची नळी काढून टाकण्याचा उद्योग तरुणांनी पिढ्यान्‌पिढ्या केला, आणि त्यात बहुतेक गाड्यांची शक्ती वाढली नाही, आवाजच वाढला.

रस्त्यावरील आवाजाला कायद्याने फार पूर्वीच हात घातला, आणि तेथे प्रसरणकोठीचे नाव प्रत्यक्ष कायद्याच्या भाषेत येते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२० वा नियम प्रत्येक मोटार वाहनाला, शेतीच्या ट्रॅक्टरलासुद्धा, सायलेन्सर सक्तीचा करतो आणि सायलेन्सर म्हणजे काय तेही सांगतो : प्रसरणकोठीच्या योगे किंवा अन्य प्रकारे, धूर बाहेर पडताना होणारा आवाज शक्य तितका कमी करणारे साधन. ही शब्दयोजना ब्रिटिश वाहननियमांच्या वळणाची आहे आणि तिच्यातून तो जुना ओतीव लोखंडी डबा अजून डोकावतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर आवाजाची मानके मोडल्यास पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालून दिली. विजेच्या डिझेल जनित्रालाही पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलचे बंधन आहे. मासेमारी नौका मात्र रस्त्यावर चालत नाही, म्हणून ती मोटार वाहन ठरत नाही. ती कारखानाही नाही, त्यामुळे तिच्या केबिनमध्ये इंजिनावर बसून रात्र काढणाऱ्या ड्रायव्हरला कारखान्यातल्या कामगाराइतकेही संरक्षण मिळत नाही. दिवसाला आठ तास ८५ डेसिबलांहून अधिक आवाजात काढणाऱ्या माणसाचे ऐकणे हळूहळू उणे होते, आणि ते आधी वरच्या सुरांचे होते. मचव्यावर बोलणे मोठ्याने होते, ते एकट्या समुद्राच्या वाऱ्यामुळे नव्हे.

रेल्वेने या जिल्ह्यात डिझेलपासून विजेपर्यंतचा प्रवास पंचवीस वर्षांत उरकला. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी चालू झाला. वाफेच्या इंजिनांचा काळ तोवर संपलेला असल्यामुळे रत्नागिरीने गाडी पाहिली ती थेट डिझेलची. त्या इंजिनांचा धूर आधी टर्बोचार्जरच्या पात्यांमधून जाई आणि ती पाती धुराचे ठोके आपोआपच बोथट करीत, तरीही साडेसहा किलोमीटरांच्या करबुड्याच्या बोगद्यात डिझेलची गाडी शिरली की खिडक्या लावून घ्याव्या लागत. मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले आणि गिरणीचे झाले तेच येथेही झाले : सायलेन्सर सुधारला नाही, इंजिनच बदलले.

मचव्याचे इंजिन बदलण्याचा योग अजून आलेला नाही, आणि सध्याच्या नियमाप्रमाणे १ जून ते ३१ जुलै या पावसाळी मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांतच त्याला विसावा मिळतो. नौका वर ओढून झापांनी किंवा ताडपत्रीने शाकारल्या जातात, धुराच्या नळाच्या तोंडावर पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून डबा उपडा घालतात, आणि सायलेन्सर उतरवला असेल तर तो वेल्डरकडे जातो. तो कापून उघडला की आत काजळीचा ओला थर, तळाशी साचलेल्या पाण्याने खाल्लेला पत्रा आणि गळून पडलेल्या आतल्या नळ्यांचे तुकडे निघतात. नवा डबा जुन्याच्या बाहेरच्या मापाने बनतो. आतल्या नळ्या कोठवर घुसवलेल्या होत्या हे गंजाने पुसून टाकलेले असल्यामुळे त्या बहुधा वगळल्याच जातात, आणि पुढच्या हंगामात नौका थोडी अधिक मोठ्याने बोलू लागते. उघडण्याची गरज आहे की नाही हे ठरवायची रीतही ठरलेली आहे : हातोडीने डब्याच्या तळावर दोनचार ठिकाणी हलके ठोकतात, आणि खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत, बद्द आला तर संपला, असे धरून चालतात.